शेळ्यांनी घडवलेली नजर

गाझाच्या कुंपणाला लागून इस्रायलच्या बाजूने मातीचा एक पट्टा जातो. रुंदी काही मीटर, माती चाळणीतून काढल्यासारखी बारीक. त्याच्यावरून चालायचं नाही, गाडी घालायची नाही. ठरल्या वेळी एक गाडी मागे काटेरी तारेची भेंडोळी, साखळ्या नाहीतर जुने टायर बांधून त्याच्यावरून फिरते आणि पेरणीआधी फळी मारलेल्या रानासारखा तो सपाट दिसायला लागतो. हिब्रूत त्याला ‘श्वील तिश्तुश’ म्हणतात, म्हणजे पुसण्याची वाट. नवं अक्षर उठून दिसावं म्हणून पाटी आधी पुसून ठेवायची, त्यातलाच प्रकार.

ही पाटी पहाटे वाचायला येतो तो गशाश, लष्करातला माग काढणारा. हा हिब्रू शब्द चाचपण्याच्या धातूवरून आलाय. अरबीत त्याच माणसाला ‘कस्सास अल-असर’ म्हणतात, खुणेच्या मागे मागे जाणारा. ज्या धातूतून हा कस्सास निघाला त्यातूनच ‘किस्सा’ही निघाला, आणि तो फारसीच्या वाटेने येऊन मराठीत कायमचा राहिला. पावलामागून पाऊल लावत जाणं आणि गोष्ट सांगणं यांना अरबीत एकच धातू पुरला. मातीवरचा माग नीट वाचला तर कोण, किती जण, कधी, काय उचलून आणि किती घाईत गेले, हे खरोखरच ओळीने पुढे येत जातं.

आता ते कसं वाचतात.

पहिली गोष्ट उजेडाची. सूर्य आणि आपण यांच्या मधोमध माग ठेवायचा. तिरप्या उन्हात ठशाच्या कडेची इवलीशी सावली पडते आणि दोन-तीन मिलिमीटर खोलीचा ठसाही दिसतो. ऊन डोक्यावर आलं की सावली मरते आणि तोच ठसा डोळ्यांदेखत गायब होतो. म्हणून हे काम उजाडताना करायचं. रात्री करायचं झालं तर बॅटरी छातीशी धरून खाली मारण्यात अर्थ नाही, त्याने दुपारच्या उन्हासारखी सगळी जमीन सपाट दिसते. बॅटरी गुडघ्याच्या खाली आणायची आणि झोत बाजूने, जमिनीला जवळजवळ समांतर सोडायचा.

मागावर पाय द्यायचा नाही, त्याच्या बाजूने चालायचं. माग तुटला तर शेवटच्या पक्क्या ठशाशी काडी खोचून तिथेच थांबायचं. नवखा इथेच चुकतो: पुढे काहीतरी दिसल्यासारखं वाटून धावतो आणि उरलासुरला माग स्वतःच्या बुटांनी मोडून टाकतो. जाणता त्या काडीभोवती आधी छोटं, मग मोठं वर्तुळ घेतो. तरीही नाही मिळाला तर मान वर करून समोरची जमीन बघतो. ओझं घेऊन अंधारात चाललेला माणूस कुठला ओढा धरेल, कुठल्या टेकाडाच्या आडोशाने जाईल, हे ठरवून सरळ तिथे जायचं आणि आडवा शोध घ्यायचा.

माग किती जुना, हे दंव सांगतं. इस्रायलच्या दक्षिणेकडच्या नेगेव्ह वाळवंटात, डोंगराळ पट्ट्यातल्या अवदातला वर्षभरात १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, पण दंव मात्र जवळपास २०० रात्री पडतं. दंवाने मातीचा वरचा थर भिजतो आणि सकाळच्या उन्हात वाळून त्याचा पापडासारखा पातळ पापुद्रा होतो. ठसा दंव पडण्याआधीचा असेल तर हा पापुद्रा ठशाच्या आतही सलग असतो. दंवानंतरचा असेल तर पापुद्रा फुटून त्याच्या कपच्या ठशात पडलेल्या असतात आणि आतली माती गडद दिसते. किड्यांची साक्षही चालते. वाळवंटातले भुंगे आणि उंदीर रात्री हिंडतात. त्यांची बारीक रांग बुटाच्या ठशावरून गेली असेल तर माणूस त्यांच्या आधी गेलेला, आणि बुटाने त्यांची रांग मोडली असेल तर नंतर. वारा आधी ठशाच्या कडा बोथट करतो, मग आत रेती भरतो. पण कालची रात्र वाऱ्याची होती की नाही, हे ज्याने रात्री बाहेर येऊन पाहिलेलं नाही त्याला सकाळी ठशाचं वय सांगता येणार नाही. बहुतेक चुका इथे होतात.

ओझं घेतलेला माणूस ढांगा आखूड टाकतो, त्याच्या टाचा खोल रुततात आणि पावलं बाहेरच्या बाजूला फाकतात. पळणाऱ्याचा चवडा रुततो आणि माती मागे उडालेली असते. उलटं चालून फसवणं ही जुनी युक्ती आहे आणि ती लगेच पकडली जाते: ढांग लहान, वेडीवाकडी, आणि पाय उचलताना ओढली गेलेली माती चुकीच्या दिशेला पडलेली. पायाला स्पंज किंवा मेंढीचं कातडं बांधलं तर नक्षी उठत नाही, पण अंगाचं वजन कुठे जाणार? पावलाएवढी जमीन नुसती दबलेली दिसते, ठरावीक अंतराने. मागे झाडाचा फांटा फिरवून खुणा पुसल्या तर फांट्याच्याच रेघा राहतात. दगडाळ जमिनीवर ठसा उठत नाही तेव्हा दगड बघायचे. वाळवंटातल्या दगडाची उन्हाकडची बाजू हजारो वर्षांत काळपट होते, मातीकडची फिकट राहते. काळ्या दगडांच्या फरशीत एकच फिकट दगड वर तोंड करून पडला असेल तर त्याला कुणाचा तरी पाय लागलाय.

आणि या सगळ्याच्या आधी एक कंटाळवाणं काम असतं, ते म्हणजे आपल्या माणसांचे ठसे बाजूला काढणं. गस्तीवरचे सैनिक, कुंपण दुरुस्त करणारे, आदल्या पाळीचा गशाश. कुणाच्या बुटाची टाच कुठून झिजलीय, कोण डावा पाय किंचित घासतो, हे त्याला पाठ असावं लागतं. ते वजा केल्यावर जे उरतं त्याला माग म्हणायचं.

आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नाही. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनने दख्खनच्या गावगाड्याचं वर्णन लिहून ठेवलं, त्यात गावच्या राखणदाराचं हेच काम आहे. चोरी झाली की त्याने चोराच्या पावलाचं माप घ्यायचं, माग शिवेपर्यंत नेऊन पोचवायचा आणि ते माप पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचं. रामोशी आणि भिल्ल या कामात तरबेज. कच्छमध्ये याच माणसाला पागी म्हणतात आणि सीमा सुरक्षा दलाला तो आजही लागतो. ज्या जमातींना सरकारदरबारी संशयाने पाहिलं गेलं त्यांच्याच हाती राखण दिली गेली, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

इस्रायलमध्ये हे काम प्रामुख्याने बेदुइनांकडे, म्हणजे मूळच्या भटक्या, जनावरं पाळणाऱ्या अरब टोळ्यांकडे आहे. तिथल्या ड्रूझ या अल्पसंख्याक पंथाच्या पुरुषांना १९५६ पासून सक्तीची लष्करी सेवा लागू झाली, सर्कॅशियन या छोट्या समाजातल्या पुरुषांनाही त्याच दशकात. मुसलमान अरब नागरिकांना ती सक्ती नाही, बेदुइनांनाही नाही. ते जातात ते आपणहून. उत्तरेत गॅलिलीतल्या तुबा-झंगारिया, बेत झर्झिरसारख्या गावांतून, दक्षिणेत नेगेव्हमधून. अल-हेब टोळीची माणसं तर १९४८ च्या लढाईतच ज्यू फौजेच्या बाजूने उभी राहिली होती. याच परंपरेतलं सगळ्यांत मोठं नाव अब्द अल-माजिद हिद्र यांचं. जन्म १९२० चा, ब्रिटिशांविरुद्धच्या अरब उठावात पोरवयात सामील झालेले. पुढे त्यांनी अमोस यार्कोनी हे हिब्रू नाव घेतलं, दक्षिण सरहद्द राखणाऱ्या ‘शाकेद’ तुकडीचं नेतृत्व केलं, १९५९ मध्ये उजवा हात गमावला आणि तरीही काम सोडलं नाही. १९९१ मध्ये वारले तेव्हा त्यांना तेल अवीवच्या किर्यात शाऊल लष्करी दफनभूमीत जागा मिळाली.

त्यांची नजर तयार झाली ती जनावरांमागे. जुन्या पिढीतल्या प्रत्येक गशाशची तशीच. सहा-सात वर्षांच्या पोराला शेळ्या-मेंढ्यांमागे पाठवायचे. संध्याकाळी मोजताना एक कमी भरली की ती शोधून आणायची, दुसऱ्या कुणाच्या कळपात मिसळली असेल तर तिथल्या शंभर खुरांतून आपलीचा खूर ओळखून. उंटीण भटकली तर दोन-दोन दिवस तिच्या मागावर जायचं. गाभण शेळीचे पाय मागे फाकतात, लंगडीचा एक खूर हलका पडतो. हे शिकवायला कुणी बसत नाही, पोर चुकतं आणि मार खातं, तसं शिकतं. दहा-बारा वर्षं असं गेलं की माणसाचा बूट वाचणं फार अवघड राहत नाही.

आणि नेमकं हेच बंद झालं. १९४८ नंतर नेगेव्हमध्ये उरलेल्या सुमारे ११,००० बेदुइनांना ईशान्येकडच्या ‘सियाग’ नावाच्या पट्ट्यात गोळा करण्यात आलं आणि १९६६ पर्यंत त्यांच्यावर लष्करी अंमल होता. बाहेर चरायला जायचं तर परवाना. १९५० मध्ये काळ्या शेळीविरुद्ध कायदा आला, कारण शेळी रोपं आणि झाडं खाते. सत्तरच्या दशकात मोकाट चराईवर पाळत ठेवायला ‘ग्रीन पेट्रोल’ उभी राहिली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून सरकारने सात शहरं वसवली, त्यात ‘राहत’ नावाचं शहर सगळ्यांत मोठं. शेळीचा कायदा जवळपास सत्तर वर्षांनी रद्द झाला, कारण शेळ्या नसल्यामुळे वाळलेलं झुडूप माजलं आणि वणवे पेटायला लागले.

याचा परिणाम अवकाशातून दिसतो. सत्तरच्या दशकातल्या उपग्रहचित्रांपासून शास्त्रज्ञ इजिप्तच्या सरहद्दीवरचा एक प्रकार दाखवत आलेत: इजिप्तकडच्या सायना वाळवंटाच्या बाजूची रेती पांढुरकी, इस्रायलच्या बाजूची गडद, आणि मधली रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ. इस्रायलच्या बाजूला चराई थांबली, झुडपं वाढली आणि रेतीवर सूक्ष्मजीवांचा काळसर पापुद्रा धरला. पलीकडे कळप फिरत राहिले, पापुद्रा टिकला नाही. माग काढायला पापुद्र्याची जमीन उत्तम. पाय पडला की फुटते आणि फुटलेली दिसते. म्हणजे शेळ्या गेल्यामुळे जमीन वाचायला सोपी झाली आणि त्याच कारणाने वाचणारा निरक्षर होत गेला. आज विशीत भरती होणाऱ्या बेदुइन पोरांपैकी किती तरी जण सिमेंटच्या घरात, मोबाइल हातात घेऊन वाढलेत. त्यांना लष्कर वर्ग घेऊन माग काढायला शिकवतं. ढांग मोजायची काठी, बुटाच्या नक्षीचं रेखाटन, अमुक अंतरात पडलेल्या ठशांना दोनाने भागून माणसांचा आकडा. पद्धत चांगली आहे आणि चालते. पण ‘बेदुइनाला हे जन्मतःच येतं’ असं जे लोक कौतुकाने म्हणतात त्यांनी कुणाच्या जन्माबद्दल बोलतोय ते एकदा बघावं.

असा एक पोरगा भरती का होतो? कुणाचा बाप किंवा काका गशाश होता. बऱ्याच जणांना नियमित पगार हवा असतो, कारण या गावांत नोकऱ्या कमी आहेत. आणि सेवा केली तर घराच्या जागेचा प्रश्न सुटायला मदत होईल अशी आशा असते. नेगेव्हमध्ये सरकारी नकाशावर नसलेली डझनांनी गावं आहेत. विजेची तार तिथपर्यंत येत नाही, घराला पत्ता नाही, बांधकाम बेकायदा धरलं जातं आणि बुलडोझर येतो. गणवेशातल्या माणसाच्या घरालाही पाडकामाची नोटीस लागल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. तिकडे पॅलेस्टिनी भाऊबंद त्याला गद्दार म्हणतात. इजिप्तच्या सरहद्दीवर तर अझाझमा आणि तराबीन या टोळ्या दोन्हीकडे पसरलेल्या, त्यामुळे तमाखू-गांजाची पोती टाकून पळालेल्या माणसाच्या पावलांमागे जाता जाता गशाश आपल्याच नात्यातल्या कुणाच्या दारात पोचण्याची शक्यता असते. बीरशेबाच्या गुरुवारच्या बेदुइन बाजारात ही माणसं एकमेकांना भेटतात, भाव करतात, चहा पितात. बीरशेबा आणि दिमोनात आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यूही राहतात. त्यांच्या दृष्टीने ‘राहत’ म्हणजे शेजार.

आता मरणाबद्दल. गशाशचा मृत्यू त्याच्या कामाच्या क्रमातच बसवलेला आहे. सकाळी सैन्याची वाहतूक सुरू होण्याआधी रस्ता ‘उघडावा’ लागतो, म्हणजे रात्रीत कुणी येऊन काही पुरून गेलंय का ते पाहावं लागतं. पाहणारा सगळ्यांत पुढे. त्याची मान खाली, नजर समोरच्या काही मीटर मातीवर. त्या वेळी तो स्वतःचं रक्षण करू शकत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना आडोसा देणारे सैनिक असतात. गोळीपुरता त्यांचा उपयोग आहे, जमिनीखालच्या स्फोटकापुढे नाही. कुंपणाची तार कुणी हलवली की नियंत्रण कक्षात घंटा वाजते. कॅमेरा, रडार, सेन्सर हे सगळं आहे. गाझाभोवतीचा ६५ किलोमीटरचा नवा अडथळा डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाला. पण तार कोल्ह्याने हलवली की माणसाने, आणि माणसाने तर तो आत आला की नुसता हात लावून गेला, याची खात्री करायला शेवटी कुणीतरी तिथे जातंच. पलीकडच्याला हे ठाऊक असतं. तार हलवली की गस्त येणार, गस्त आली की गशाश खाली उतरणार आणि कुंपणाजवळ येणार. जिथे तो नक्की उभा राहील ती जागा आधीच ठरवता येते. २७ जानेवारी २००९ रोजी, गाझातली लढाई थांबून जेमतेम दहा दिवस झालेले असताना, किसुफिमजवळ कुंपणालगतच्या गस्तीवर एक बेदुइन गशाश असाच स्फोटात गेला.

इतर प्रकारही आहेत. ९ जानेवारी २००२ च्या पहाटे केरेम शालोमजवळ हल्लेखोर आत घुसले आणि बेदुइनांच्या वाळवंटी टेहळणी पलटणीचे चार सैनिक मारले गेले. १२ डिसेंबर २००४ रोजी रफाहच्या चौकीखाली भुयार खणून ती उडवली, त्यात पाच सैनिक गेले. माग पृष्ठभागावर असतो. भुयार खणणाऱ्याचा माग नसतो. उत्तरेला ७ ऑक्टोबर २००० रोजी लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेने कुंपणाच्या फाटकाशी स्फोट घडवून तीन सैनिकांना पळवलं, त्यातला एक बेदुइन होता. तिघांचे मृतदेह परत आले ते जानेवारी २००४ मध्ये. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला तर वाचण्यासारखं काही उरलंच नाही. कुंपण दिवसाढवळ्या स्फोटकं आणि बुलडोझरने फोडलं गेलं. त्या दिवशी मारल्या गेलेल्यांत आणि पळवल्या गेलेल्यांतही बेदुइन होते.

मृतदेह गावी येतो. मुसलमानी रीतीप्रमाणे दफन लवकर, शक्यतो त्याच दिवशी. अडचण सुरू होते ती इथे. शवपेटीवर निळा-पांढरा ध्वज घालायचा का, मानवंदनेच्या फैरी झाडायच्या का, जनाजाची नमाज कोण पढवणार, हे घरच्यांना काही तासांत ठरवावं लागतं, आणि गल्लीतलं प्रत्येक घर त्या निर्णयाकडे बघत असतं. काही कुटुंबांनी मुलाचं नाव जाहीर करू नका अशी विनंती केलेली आहे. त्याचं नाव लपवायची वेळ त्याच्या आईबापावर यावी, ते लाजेने नव्हे, उरलेल्या मुलांना त्याच गल्लीत राहायचंय म्हणून. उत्तरेत हामोव्हिल चौकाजवळ बेदुइन सैनिकांचं स्मारक आहे, तिथे नावं कोरलेली आहेत. २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्याने अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून घेतला, तेव्हा ड्रूझांबरोबर बेदुइन सैनिकांच्या घरच्यांनीही आवाज उठवला होता.

गावात दफनाची घाई चालू असते तेव्हा सरहद्दीवर स्फोटाची जागा अजून बंद असते. तिथे पहिल्यांदा जातो तो दुसरा गशाश. दुसरं स्फोटक आहे का हे पाहायचं असतं आणि पुरणारा कुठून आला, कुठे गेला तो माग धरायचा असतो. धूळ बसलेली असते, माती उकरून फेकली गेलेली असते, आणि कडेच्या न बिघडलेल्या पट्ट्यात ठसे असतात. तो नेहमीच्या क्रमानेच सुरुवात करतो, म्हणजे आधी आपल्या माणसांचे ठसे बाजूला काढतो. हा आडोशाच्या सैनिकाचा, हा ड्रायव्हरचा. मग टाच बाहेरच्या बाजूने झिजलेला तो ओळखीचा बूट. गाडीतून उतरलेला, आठ-दहा पावलं सरळ, मग ढांग आखूड होत गेलेली. एका जागी दोन्ही पावलं शेजारी-शेजारी, चवडे खोल: इथे तो खाली बसला होता, काहीतरी निरखत. तिथून पुढे दीड पाऊल.